फाईल कुठे पोचली?

(पणजी, पाटो. लिफ्टसमोरची रांग.)

सकाळचे साडेनऊ वाजलेत. घर बांधायच्या परवान्यासाठी गोव्याच्या नगर नियोजन खात्याकडे जाणारी ही रांग. बहुतेकांच्या काखेत कागदाची गुंडाळी आहे, तिच्यात घरांचे नकाशे. कोणी आर्किटेक्टच्या ऑफिसातला पोरगा, कोणी बिल्डरचा माणूस. निळ्या शर्टातले हे गृहस्थ मात्र स्वतःच्याच घरासाठी पेडण्याहून आलेत. कॅमेरा बघून त्यांनी आम्हालाच विचारलं, "तुमची पण फाईल आहे काय?"

(पडद्यावर भारताचा नकाशा.)

बाहेर काय चाललंय तेही बघू. तेलंगणाने 2020 मध्ये कायदा केला. 75 चौरस यार्डांपर्यंतच्या प्लॉटवर एक रुपया भरून नुसती नोंदणी करायची. 600 चौरस यार्ड आणि 10 मीटर उंचीपर्यंत मालकाच्या हमीपत्रावर लगेच परवानगी. त्याहून मोठं असेल तर 21 दिवस. केरळात जानेवारी 2024 पासून के-स्मार्ट या सरकारी पोर्टलवर लहान घरांचा परवाना काही सेकंदांत मिळतो, असं सरकार सांगतं. शेजारच्या महाराष्ट्रात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला पैसे भरल्याची पावतीच पुरते.

जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या अहवालात तर बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत 181 व्या क्रमांकावर होता, तो दोन वर्षांत 27 वर आला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पण परवान्याला लागणारे दिवस मोजले होते फक्त मुंबईत आणि दिल्लीत. 2009 मध्ये याच बँकेने देशातली 17 शहरं तपासली. त्यात लुधियाना होतं, रांची होतं, गुवाहाटी होतं. गोव्यातलं एकही नव्हतं. पुढे काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली आणि 2021 मध्ये बँकेने तो अहवालच गुंडाळला.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट सारखी आहे. 21 दिवस असोत की 21 सेकंद, घड्याळ चालू होतं ते अर्ज पूर्ण भरल्यावर. आमचा कॅमेरा त्या आधीच्या भागात फिरला.

(जवळून: टेबलावर एक-चौदाचा उतारा. नावांवरून फिरणारं बोट.)

हा एक-चौदा, म्हणजे गोव्यातला सातबारा. पेडण्याच्या त्या जमिनीचा. सगळ्यात वर आजोबांचं नाव, आजोबा केव्हाच गेले. खाली तीन काका, आणि प्रत्येक काकांबरोबर काकी. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. लग्न झालं की मालमत्ता साधारणपणे दोघांची, म्हणून सहीही दोघांची. एक काका मुंबईला असतात. एका काकींनी, का कोण जाणे, सही द्यायचं अजून मनावर घेतलेलं नाही. वाटणी रीतसर करायची तर इन्व्हेंटरीचा खटला घालावा लागतो. 2012 च्या नव्या वारसा कायद्यातही तो मार्ग कायम आहे. यातला एकही दिवस कुठल्याच शहराच्या तक्त्यात धरला जात नाही.

शहरात कागद बदलतात. मडगावात एक-चौदाच्या जागी फॉर्म डी असतो, सर्वे नंबरच्या जागी चलता नंबर आणि पी.टी. शीट. नावांची रांग तीच.

(मामलेदार कचेरी. बाकावर बसलेली माणसं. शिक्का मारणारा हात, दोनदा.)

मग झोन. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये जमीन सेटलमेंट, म्हणजे वस्तीची, दाखवलीय की ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीची, हे बघायचं. सेटलमेंट निघाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली सनद काढायची, म्हणजे शेतजमीन बिनशेती करून घ्यायची. सनदीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथून नगर नियोजन, वन खातं, मामलेदार असे अभिप्राय मागवले जातात. प्रत्येक टेबलावर जावक नंबर पडतो, पुढच्या टेबलावर आवक नंबर. आम्ही पाहिलेल्या एका फाईलच्या कव्हरवर नंबर लिहायला जागा उरली नव्हती. कारकुनाने कोरा कागद डकवला आणि पुढे लिहायला घेतलं.

(पेडणे. चिऱ्यांचा गडगा, लाल माती, ताणलेली टेप.)

ही जागेची पाहणी. टेपचं एक टोक सर्व्हेअरच्या हातात, दुसरं मालकाच्या मुलाने गडग्याला टेकवून धरलंय. मोजतायत रस्ता. रस्ता गडग्यापासून गडग्यापर्यंत धरायचा की डांबराच्या कडेपर्यंत, यावर दोघांचं जुंपलंय. हसू येईल, पण वाद फुकाचा नाही. रस्त्याच्या रुंदीवर चटई क्षेत्र ठरतं, आणि वरचा मजला मिळणार की नाही तेही. शेवटी डांबर जिंकलं. मुलाने टेप सोडली आणि खिशातून मोबाईल काढून वडिलांना फोन लावला.

पाहणीनंतर नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता. शहरी नियोजन क्षेत्रात हे काम पीडीएकडे, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे असतं: मडगाव आणि फोंड्याला दक्षिण गोवा पीडीए, वास्कोला मुरगाव पीडीए. मग आरोग्य केंद्राचा दाखला, सेप्टिक टाकी विहिरीपासून किती लांब ते पाहून. आणि या सगळ्यानंतर पंचायत.

(पंचायत घर. बैठकीचं टेबल, पंख्याखाली फडफडणारे कागद.)

गोव्यात 191 पंचायती आहेत आणि बांधकामाचा परवाना प्रत्येकीच्या बैठकीत ठरतो. पंचायत राज कायद्याचं कलम 66 पंचायतीला 30 दिवस देतं. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर उपसंचालकांकडे अपील. त्यांनीही 30 दिवसांत ते निकाली काढलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. कागदावर हे तेलंगणापेक्षा फार वाईट नाही. फरक इतकाच, की हैदराबादेत घड्याळ दारात लावलंय आणि आपल्याकडे माजघरात.

आणि अधुऱ्या फाईलीवर शेरा पडतो: त्रुटी. फाईल परत. त्रुटी दूर करून आणली की नवी तारीख, नवे 30 दिवस. आवक-जावकचे नंबर खात्याकडे असतातच. ते एका पानावर तारखांसकट लोकांना दिसू दिले, तर फाईल कुठे पोचली हे विचारायला पेडण्याहून पाटोला यावं लागणार नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

(ड्रोन: बार्देशातली कापलेली डोंगरउतार, लाल जखम, खाली निळा जलतरण तलाव.)

याच राज्यात झोन बदलायला 2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात कलम 17(2) आलं. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची, तीही एकेका सर्वे नंबरच्या अर्जावर. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तोवर बरीच जमीन सेटलमेंट झाली होती. खालच्या गावांत विहिरी आणि शेतं आहेत.

त्याआधीच, 2024 मध्ये, कलम 39अ आलं होतं. तेही झोन बदलण्यासाठीच. त्यात लोकांना हरकती घ्यायला 30 दिवस दिलेत. हे 30 दिवस मात्र सूचना निघाली त्या तारखेपासून मोजतात, आणि त्यांना त्रुटीचा शेरा पडत नाही.