करंज्यातून दिसणारा किल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच मैत्रिणी माहेरी, साताऱ्याला जमलो होतो. शाळेतली जुनी टोळी. कुणी पुण्याहून आलेली, कुणी सांगलीहून. एक दिवस कुठं घालवायचा यावर बराच खल झाला. महाबळेश्वरला पाय ठेवायला जागा नसते आणि कासला या दिवसांत फुलं नसतात. मग एक जण म्हणाली, "अगं, ज्याच्या पायथ्याशी आपण दहावीपर्यंत शिकलो, तो अजिंक्यतारा आपण नीट बघितलाय तरी कधी?" सगळ्या गप्पच झालो. शाळेच्या सहलीत पळत वर गेलो होतो, डबे खाल्ले होते आणि पळतच खाली आलो होतो.

सकाळी सातला निघालो. गाडीरस्ता पार दरवाज्याजवळ जातो, पण आम्ही पायवाट धरली. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गवत वाळून पिवळं पडलेलं, त्यामुळं थोडं चढलो तोवर मोजे कुसळांनी भरले. बरोबर मैत्रिणीचा आठ वर्षांचा मुलगा होता. तो दर वळणाला बसायचा आणि कुसळं काढायचा.

मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत आहे. तिथं अजून ऊन पोचलं नव्हतं. दगडावर तळवा टेकवला तर गारठा कोपरापर्यंत चढला. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीला बांधला, असं मानतात. पुढं बहमनी, मग आदिलशाही, आणि १६७३ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या हाती आला.

आत मारुतीचं दर्शन घेतलं आणि चालत मंगळाईच्या देवळाशी गेलो. तिथून पुढं मंगळाईचा बुरूज. मला तुम्हाला सांगायचंय ते या बुरुजाबद्दल.

डिसेंबर १६९९. म्हणजे हाच महिना, हीच थंडी. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब स्वतः साताऱ्यावर चालून आला आणि त्यानं गडाला चहूबाजूंनी वेढा घातला. आत किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. तटावरून खाली ढकललेल्या धोंड्यांनी मोगलांची तोफेइतकीच हानी केली, असं इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. मी बुरुजाच्या कडेला उभी राहून खाली बघितलं तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा समजलं. उतार असा आहे की हातातून सुटलेला दगड मध्ये कुठं थांबणारच नाही.

"मग आतली माणसं जेवायची काय?" मुलानं विचारलं. त्याच्या हातात भाकरी आणि ठेचा होता, म्हणून सुचलं असेल. मी त्याला परळीचा गड दाखवला, आपला सज्जनगड. तिथून मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक यांनी रसद पोचवायची खटपट चालवली होती. तो बराच वेळ त्या डोंगराकडं बघत राहिला. "एवढ्या लांबून? पोती घेऊन?" हो रे बाळा, पोती घेऊन, आणि वाटेत शत्रूचा वेढा.

मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. गडावर ती बातमी आली तेव्हा लोकांची काय अवस्था झाली असेल, याचा विचारच करवत नाही. तरी ते लढत राहिले. १३ एप्रिल १७०० ला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात तट कोसळला, आतली कितीतरी माणसं दगडमातीखाली गेली. स्वतः प्रयागजी गाडले गेले आणि ढिगाऱ्यातून जिवंत निघाले! दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या अंगाला फुटला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीनं उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच तट आदळला. हजारभराच्या वर माणसं तिथंच दबली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गड द्यावा लागला. ही गोष्ट सांगताना आपण इथं आवाज बारीक करतो. मला तसं करावंसं वाटत नाही. अन्न संपत आलेलं, राजा गेलेला, तटाला खिंडार पडलेलं, अशा स्थितीत साडेचार महिने त्यांनी दिल्लीच्या बादशहाला या एका डोंगरापाशी अडवून धरलं. औरंगजेबानं गडाचं नाव आझमतारा ठेवलं. पुढं ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतला आणि नाव झालं अजिंक्यतारा. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, आणि त्यांच्याच काळात खालचं शहर वसलं, वाढलं.

दुपारी दक्षिण दरवाजे बघून आम्ही पुन्हा उत्तरेच्या तटावर आलो. तिथून सगळं सातारा पायाशी पसरलेलं दिसतं. आमच्यातल्या एकीचं माहेर करंज्यात, म्हणजे खालच्या साताऱ्याच्याच एका भागात आहे. औरंगजेबाचे तंबू त्याच बाजूला पडले होते, असं ग्रँट डफ सांगतो. मी तिला तसं म्हटलं, तर तिनं लगेच आईला फोन लावला. "आई, स्टीलचं ताट घेऊन गच्चीवर ये. उन्हात धर, गडाकडं."

आम्ही सगळ्या तटाला रेलून उभ्या राहिलो. मुलाला मैत्रिणीनं कडेवर घेतलं होतं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. खाली नुसती घरं, पाण्याच्या टाक्या, हायवेवरची वाहनं. आणि मग त्या गर्दीत एक ठिपका लखकन चमकला. विझला. पुन्हा चमकला.

"आजी!" मुलगा ओरडला.

इतकं जवळ आहे ते. साडेचार महिने रोज सकाळी तंबूतून बाहेर आलं की बादशहाला हा गड असाच समोर दिसत असणार, आणि गडावरच्या पहारेकऱ्याला ते तंबू.

मैत्रिणीनं पर्समधला छोटा आरसा काढला आणि उन्हात धरून करंज्याकडं फिरवला.