आशा गावची, डॉक्टर परगावचा

बेळगावातल्या ओपीडीच्या रांगेत खानापूरकडची अशी एखादी मावशी रोज दिसते. सोबत कॉलेजात जाणारा मुलगा, कारण डॉक्टर कन्नडमधून विचारणार आणि घरात कन्नड येतं ते त्यालाच. "डोकं गरगरूलंय," मावशी सांगते, मुलगा ते पुढे पोचवतो. पण अंगावरून पांढरं जातंय, हे पोराच्या तोंडून कसं सांगायचं? केसपेपरवर अशक्तपणा लिहिला जातो, गोळ्या मिळतात. दुखणं आलं तसं परत जातं.

यात डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही. टेबलापलीकडे तिच्या भागातली एक नर्स असती, तर मुलाला बाहेर बसवता आलं असतं.

रुग्ण आणि डॉक्टर एकाच समाजातले असले की फरक पडतो का, हे अमेरिकेतल्या ओकलंड शहरात संशोधकांनी तपासून पाहिलं. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर असला की कृष्णवर्णीय पुरुष तपासण्यांना जास्त तयार होत, सुई टोचायची असेल तर विशेषच.

वंशाचा प्रश्न आपल्याकडे कुठला, असं म्हणणाऱ्याने खानापूरच्या जंगलपट्टीत यावं. इथे सिद्दी राहतात. पोर्तुगीजांच्या काळात पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. बोली कोकणीच्या वळणाची. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना तो मिळायला २०२० उजाडलं. जंगल तेच, सोयरीकही तीच, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. त्या सतरा वर्षांत इथल्या मुलींना अनुसूचित जमातीसाठीची नर्सिंगची राखीव जागा मागायची सोयच नव्हती.

गावची बाई आरोग्यसेवेत घ्यायचीच नाही, असं मात्र सरकारचं धोरण नाही. २००५ पासून आशा कार्यकर्ती त्याच गावची लागते. गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत नेते तीच, लसीकरणाला घरोघर बोलावते तीच. फक्त तिला पगार नाही, मानधन आहे. जिथे पगार सुरू होतो, तिथे स्थानिक माणूस विरळ होत जातो.

२०२२ मध्ये कर्नाटकाने अनुसूचित जमातींचं आरक्षण ३ वरून ७ टक्क्यांवर नेलं. पण नर्सिंगचा एएनएम कोर्स असो की जीएनएम, आधी बारावी पास व्हावं लागतं. दहावीनंतर वाडीतली मुलगी कॉलेजला जाणार, तर राहणार कुठे? बसच्या वेळा पाहता रोजचं जाणं-येणं तिला झेपणारं नाही. राखीव जागेआधी तिला वसतिगृहात एक खाट हवी आहे.