मोकळे सोडलेले दोन गडी

नमस्कार मंडळी.

अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांनी 28 नोव्हेंबर 2018 ला निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी 26 डिसेंबरला डेट्रॉइटमध्ये मिनेसोटाशी झालेला सामना त्यांचा शेवटचा. अटलांटात 11 हंगाम, त्याआधी नेव्हीत, म्हणजे अमेरिकी नौदल अकादमीच्या संघात, सहा, त्याआधी जॉर्जिया सदर्नमध्ये पाच. तिथे एक पायरी खालच्या श्रेणीत 1999 आणि 2000 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. या सगळ्या काळात त्यांच्या खेळाचा पाया एकच डाव होता, ट्रिपल ऑप्शन, म्हणजे तिघांपैकी कोणी चेंडू घेऊन पळायचं हे पळता-पळता ठरवणं. आज त्या डावाबद्दलच बोलू या, कारण हा माणूस त्यात पुरता दिसतो.

आधी गणित. दोन्हीकडे 11 गडी. नेहमीच्या पद्धतीत क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू देतो आणि बाजूला होतो, दुसरा एक जण चेंडू घेऊन पळतो. अडवायला उरले नऊ, समोर मात्र 11. जॉन्सन यांचं उत्तर असं, की समोरच्या दोघांना अडवायचंच नाही. त्यांना मोकळं सोडायचं, ते काय करतात ते बघायचं आणि तेच चूक ठरेल अशा जागी चेंडू न्यायचा.

मांडणी अशी. पाच लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत अडवणारे गडी, एकमेकांत साधारण तीन फुटांचं अंतर ठेवून. क्वार्टरबॅकच्या थेट मागे बी-बॅक, मधून धावणारा गडी. दोन्ही टॅकलच्या (रांगेच्या टोकाच्या लाइनमनच्या) बाहेर, रेषेच्या जेमतेम एक यार्ड मागे, एकेक ए-बॅक, कडेने धावणारा गडी. स्नॅपच्या (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे येऊन डाव सुरू होण्याच्या) क्षणभर आधी एक ए-बॅक मागून पळत सुटतो. क्वार्टरबॅक वळून चेंडू बी-बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. त्याची नजर असते समोरच्या संघाच्या, मोकळ्या सोडलेल्या पहिल्या लाइनमनच्या खांद्यांवर. तो आत, बी-बॅककडे वळला, तर चेंडू ओढून घ्यायचा. वळला नाही, तर देऊन टाकायचा. शंका आली तरी देऊनच टाकायचा. ओढून घेतला, की पुढे दुसरा मोकळा गडी. थेट त्याच्या आतल्या खांद्यावर धावून जायचं. तो क्वार्टरबॅकवर आला, तर चेंडू ए-बॅककडे पिच, म्हणजे बाजूला-मागे फेकायचा. तो ए-बॅकमागे गेला, तर आपणच वर घुसायचं. दोन निर्णय, तेही दीड-दोन सेकंदांत. आपल्याकडच्या कबड्डीत कोपरा हलला की चढाई करणारा दिशा बदलतो, तीच नजर इथे लागते.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा त्या पोटापाशीच. क्वार्टरबॅक चेंडू ओढतोय आणि बी-बॅकने हात आवळले, की फंबल, म्हणजे चेंडू हातातून निसटतो. बी-बॅकने हात सैल ठेवायचे, क्वार्टरबॅकने सोडल्याशिवाय आवळायचे नाहीत. हे शेकडो वेळा घोटल्याशिवाय अंगात येत नाही. दुसरी जागा पिचची. ए-बॅक दोन पावलं पुढे गेला तर चेंडू त्याच्या पाठीमागे पडतो, आणि मागे पडलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. तिसरी अडचण घड्याळाची. दोन टचडाउनांनी (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेल्या गुणांनी) मागे पडलं, की तीन-चार यार्ड चावत जाणारा हा खेळ तोकडा पडतो. प्रतिस्पर्ध्याला तयारीला महिनाभर मिळाला, तर तेही महागात पडतं. जॉन्सन यांच्या काळात टेक पहिले चारही बोल सामने (नेहमीचा हंगाम संपल्यावर होणारे खास सामने) हरलं, हे मान्य करायलाच हवं. एरवी मात्र समोरच्या संघाकडे एकच आठवडा असतो, आणि त्यांच्या सरावातले राखीव खेळाडू ही चपळाई उभी करू शकत नाहीत.

या पद्धतीला जुनाट म्हणणाऱ्यांनी 2008 चा, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समधला सामना आठवावा. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध सलग सात पराभव पाठीशी, मध्यंतराला 28-12 अशी पिछाडी. तिसऱ्या सत्रात टेकने 26 गुण केले, जॉर्जियाने शून्य. शेवट 45-42. त्याच्या आदल्या वर्षी जॉन्सन यांच्याच नेव्हीने नोत्र दाम विद्यापीठाला तीन ओव्हरटाइमनंतर 46-44 ने हरवून 1964 पासूनची, सलग 43 पराभवांची मालिका तोडली होती. आणि 31 डिसेंबर 2014 ला ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटवर 49-34. त्या रात्री सिन्जिन डेझ या बी-बॅकने एकट्याने 171 यार्ड धाव घेतली. मधूनच जाणारी ती पहिली वाट बंद करता आली नाही, की बाकीच्या दोन आपोआप उघडतात.

टेकमध्ये खेळाडूंचीही कॅल्क्युलसमधून सुटका नाही, हे अटलांटातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. देशातले सर्वांत धिप्पाड लाइनमन अशा ठिकाणी रांग लावत नाहीत. जॉन्सन यांनी त्याची तक्रार करत बसण्यापेक्षा आहे त्या मुलांना पुरेल असा खेळ घडवला. या कामासाठी त्यांच्याइतका योग्य माणूस टेकला मिळाला नसता.

या पद्धतीचा सामना बघाल तेव्हा नजर चेंडूमागे पळवू नका. स्नॅप झाला की रेषेवर कोणाला मुद्दाम मोकळं सोडलंय ते शोधा आणि त्याचे खांदे बघा. चेंडू कुठे जाणार, ते तुम्हाला क्वार्टरबॅकच्या बरोबरीने कळेल.