चौकोन विणायला आलेल्यांसाठी थोडं बोलणं

नमस्कार मंडळी. आज बरेच नवीन चेहरे दिसतायत, त्यामुळे जुन्यांनी जरा सांभाळून घ्या, तुम्हाला यातलं बरंच काही परत ऐकावं लागणार आहे. आपण इथे काय करतो ते माहीत असल्याशिवाय कोणी आलेलं नाही, तरी एकदा सांगते. ज्या आईबापांचं मूल गेलंय त्यांच्यासाठी आपण आठवणीचं ब्लँकेट बनवतो. प्रत्येक जण आपापला चौकोन विणतो, मग काही जण बसून ते जोडतात, आणि तयार झालेलं ब्लँकेट हॉस्पिटलमधल्या किंवा अशा आईबापांबरोबर काम करणाऱ्या माणसांच्या हातून त्या घरी पोचतं. एवढंच काम आहे. पण एवढ्याशा कामाला इतके नियम कशाला, हे नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो आणि विचारायलाच पाहिजे. कुठली लोकर, किती साईज, चिठ्ठी नाही, नाव नाही, फोटो नाही... हे काय ऑफिस आहे का?

तर त्या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्या ब्लँकेटमुळे त्या आईबापांवर कुठलंही काम पडता कामा नये. हे धरून चाललात की बाकीचं मला सांगावंच लागणार नाही, तुमचं तुम्हालाच सुचत जाईल.

आता साईज. आपला चौकोन १५ सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर. आडवे ८ आणि उभे १० असे ८० चौकोन जोडले की १२० बाय १५० चं ब्लँकेट होतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या खांद्यावरून घेतलं तर पुढे पाय झाकतील एवढं. हे ब्लँकेट आईबापांसाठी आहे, बाळासाठी नाही, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं असतं. साध्या मध्यम जाडीच्या लोकरीचे ४ मिलिमीटरच्या सुयांवर ३३ टाके घातले आणि सगळ्या ओळी सुलट विणत गेलात तर ६६ ओळींमध्ये चौकोन तयार होतो. दोन ओळींचा मिळून एक उंचवटा दिसतो, असे ३३ उंचवटे झाले की थांबायचं. जेवढे टाके तेवढे उंचवटे, मग चौकोन आपोआप चौकोन. हात सैल असेल तर ३१ टाके घाला, घट्ट असेल तर ३५, पण टाके आणि उंचवटे सारखेच ठेवा. गणित घालायचंच तर एका चौकोनात जवळजवळ २२०० टाके होतात, आणि अख्ख्या ब्लँकेटमध्ये पावणेदोन लाखाच्या आसपास. एकट्या माणसाने बनवायचं म्हटलं तर कधी संपणार ते ब्लँकेट?

ज्यांना हाताचा अंदाजच नाही त्यांनी कोपऱ्यातून तिरकं विणावं. तीन टाक्यांपासून सुरू करायचं, प्रत्येक ओळीला एक टाका वाढवत जायचं, कडेची लांबी १५ सेंटिमीटर भरली की मग प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत परत तीनवर यायचं. यात हात घट्ट की सैल हा प्रश्नच उरत नाही, पट्टीने मोजलं की झालं. नवीन माणसाला हेच सगळ्यात सोपं पडतं. मात्र तिरका चौकोन ताणला की लोंबतो, त्यामुळे आमची जोडणारी मंडळी त्याच्यावर जरा नाराजच असतात, आणि मी त्यांच्यातलीच असल्यामुळे त्यांचीच बाजू घेणार.

कारण खरं काम जोडण्यात आहे. विणणाऱ्याला वाटतं आपण चौकोन दिला, संपलं. ८ बाय १० च्या ब्लँकेटला आतल्या बाजूने १४२ कडा एकमेकींना शिवाव्या लागतात, म्हणजे २१ मीटरच्या वर शिवण, आणि ६३ ठिकाणी चार-चार कोपरे एका बिंदूवर आणावे लागतात. एकेक चौकोन नुसता अर्धा सेंटिमीटर लहान आला तरी आडव्या ओळीत ४ सेंटिमीटरची तूट पडते आणि मग खालची ओळ फुगून येते. म्हणून आधी सगळे चौकोन ओले करून, जाड फोमवर १५ सेंटिमीटरची चौकट आखून, टाचण्यांनी ताणून वाळवतो. मग एक चौकोन आडवा आणि शेजारचा उभा असे आळीपाळीने लावतो, कारण अशी वीण एका दिशेने जास्त ताणली जाते आणि सगळे एकाच दिशेने लावले तर वर्षभरात ब्लँकेट खाली ओघळतं. आणि यातली गंमत म्हणजे ३३ टाक्यांच्या कडेला शेजारचे ३३ उंचवटे बरोब्बर भिडतात, एकाला एक, मोजायची पण गरज नाही. शिवण मात्र घट्ट ओढायची नाही. धागा ओढून ओढून शिवला की ब्लँकेट पांघरल्यावर बरोबर त्याच रेषेवर तटतटतं आणि जोर पडला की तुटतं. तुटलं की दुरुस्ती आली. दुरुस्ती म्हणजे काय, त्या आईवर काम.

लोकरीवरून आपल्याकडे कायम वाद होतात. खरी लोकर सुंदर असते, ऊबदार असते, मला स्वतःला तीच आवडते. पण ती गरम पाण्यात पडून घुसळली की आटते आणि नमद्यासारखी होते, आणि बंद कपाटात वर्षानुवर्षं राहिली तर कसर लागते, कारण कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन खातात. दुःखात बुडालेल्या माणसाने कपडे मशीनमध्ये टाकताना लेबल वाचत बसावं अशी अपेक्षा तुम्ही करणार का? म्हणून आपण ॲक्रिलिक वापरतो. आटत नाही, कसर लागत नाही. फक्त त्याच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, त्याने ते कायमचं लुळं पडतं, मेलेल्या कापडासारखं. केसाळ, तंतू सुटणारी लोकर नको, आणि मोठी भोकं असलेली नक्षी नको, त्यात बोटं अडकतात आणि अंगठीसुद्धा.

आता वासाबद्दल. हे बऱ्याच जणांना विचित्र वाटतं. तयार ब्लँकेट आपण बिनवासाच्या साबणाने धुतो, अत्तर नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, आणि जिथे सिगारेट ओढतात त्या घरातल्यांनी विणकाम इथे येऊन करावं अशी विनंती करतो. का, तर वासाचं मेंदूतलं केंद्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी लगत जोडलेलं असतं, त्यामुळे वासाने माणूस क्षणात मागे जातो. पुष्कळ आईबाप मुलाचे कपडे न धुता पिशवीत बंद करून ठेवतात, आणि कधीतरी त्या ब्लँकेटमध्येच गुंडाळून ठेवतात. तिथे तुमच्या माझ्या स्वयंपाकघराचा वास कशाला? त्या वासाला जागा त्यांची आहे, आपण फक्त रिकामं करून द्यायचं.

नावाचं पण तसंच. चौकोनावर आपलं नाव भरतकाम करू का, मागे छोटं लेबल लावू का, असं विचारणारे भेटतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण नाव आलं की आभार आले. आभार मानायचे म्हणजे फोन करायचा, चिठ्ठी लिहायची, कोणाचं राहून तर गेलं नाही ना हे बघायचं. ८० माणसांचे आभार! म्हणजे आपण ऊब द्यायला गेलो आणि उधारी देऊन आलो.

एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत जी प्रचंड मोठी रजई बनवली गेली तिच्याबद्दल काहींनी ऐकलं असेल. ११ ऑक्टोबर १९८७ ला ती वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा मैदानात अंथरली तेव्हा तिच्यात १९२० तुकडे होते, प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, आणि बहुतेकांवर गेलेल्या माणसाचं नाव. तिथे नाव मोठ्याने सांगणं हाच मुद्दा होता, कारण ती माणसं लपवली जात होती, सरकारला आणि समाजाला ती दाखवायची होती. जवळच्यांनी आणि मित्रांनी बनवलेली, सगळ्या जगाने बघावी अशी. आपलं काम बरोबर उलट आहे. परक्यांनी बनवलेलं, एका घरात जाणारं, आणि कोणी बघावं अशी अपेक्षाच नसलेलं. दोन्ही तुकडे जोडूनच होतात, पण त्यांचं बघून आपण नावं घालायला लागलो तर घोटाळा होईल.

चिठ्ठीचं काय? आपण एकच छोटं कार्ड ठेवतो. त्यावर धुवायचं कसं ते लिहिलेलं असतं आणि खाली, उत्तर पाठवायची गरज नाही. बास. देवाला प्रिय झालं, अजून वय आहे तुमचं, जे होतं ते चांगल्यासाठीच, असलं काही नको. हे बोलणाऱ्यांची त्या घरात आधीच रांग लागलेली असते. गुलाबी-निळ्याचा हिशोब नको, देवदूत नको, पंख नकोत. रंग बहुतेकदा तिकडूनच कळतो, नाही कळला तर शांत मिश्र रंग घेतो. पांढरं शुभ्र मात्र टाळतो, एकतर मळतं, आणि मळलं की लगेच धुवावंसं वाटतं.

मध्ये एकीने विचारलं होतं की हे ब्लँकेट मिळाल्याने त्यांना दुःखातून बाहेर यायला मदत होते का. खरं सांगू, मी या प्रश्नाला फसत नाही. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९१७ साली मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं, आणि पुढे बरीच वर्षं लोक तेच धरून बसले. पण त्याची स्वतःची मुलगी सोफी १९२० मध्ये फ्लूच्या साथीत गेली, आणि १९२९ मध्ये मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिताना त्याने वेगळंच सांगितलं, की ती जागा भरून निघत नाही, आणि निघाली तरी जे येतं ते दुसरंच काहीतरी असतं, आणि तसंच असायला हवं. पुढे १९९० च्या दशकात अभ्यासक उघडपणे म्हणायला लागले की गेलेल्याशी नातं चालू राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं, आणि हे म्हणणाऱ्यांपैकी काहींनी मूल गेलेले आईबाप जवळून पाहिलेले होते. तेव्हा ब्लँकेटने कोणाला बाहेर काढायचं नाहीये. कोणी पांघरेल, कोणी कपाटात वर टाकेल, कोणी दहा वर्षांनी काढेल, कोणी देऊन टाकेल. देऊन टाकलं तरी आपल्याला वाईट वाटून घ्यायचा हक्क नाही, हे नवीन लोकांना पचायला वेळ लागतो आणि जुन्यांपैकी सुद्धा दोघा-तिघांना अजून पचलेलं नाही, नाव घेत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मूल गेलं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तान्हं बाळच येतं. ती संख्या खरंच मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात साधारण १९ लाख बाळं मृत जन्मली, आणि त्यात २८ आठवड्यांच्या आधी गेलेली धरलेलीच नाहीत. त्या आईबापांकडे तर दाखवायला फोटोसुद्धा नसतो कधी कधी, बाहेरच्यांना वाटतं अजून कुठे काय सुरू झालं होतं. पण मूल पंचावन्न वर्षांचंही असतं. मुलगा गेला की लोक त्याच्या बायकोकडे जातात, पोरांकडे जातात, आणि ऐंशीची आई कोपऱ्यात बसलेली असते, तिला फार तर कोणीतरी म्हणतं, आता तुम्हीच सगळ्यांना धीर द्या. म्हणजे बघा, तिच्यावर परत कामच टाकलं. आपल्याकडे नाव सुचवायचं असेल तर अशा म्हाताऱ्या आईबापांची आठवण ठेवा, त्यांच्यासाठी कोणी मागायला येत नाही.

इथे विणायला येणाऱ्यांमध्ये काही जण स्वतः यातून गेलेले आहेत. कोण ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. विणताना एक बरं असतं, नजर सुयांवर असते त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही, आणि मध्येच गप्प झालं तरी ओळ मोजतोय असं म्हणून चालून जातं.

आता मघापासून मागे कोणीतरी हात वर करतंय. चौकोन वाकडा आला तर उसवायचा का? नाही, उसवू नका, द्या तसाच. सेंटिमीटरभर इकडेतिकडे असेल तर तो आपण मधे लावतो, चारही बाजूंनी शेजारी धरून ठेवतात आणि तो सरळ होतो. कडेला मात्र नीट बेतलेलेच लागतात, कारण तिथे एक बाजू मोकळी असते आणि वाकडेपणा लगेच उघडा पडतो. दोन सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर बाजूला ठेवतो, त्यांचं छोटं वेगळं ब्लँकेट होतं. टाका सुटलेला असेल तर तेवढं सांगा, लपवून गाठ मारू नका, ती गाठ धुताना सुटते.

आणि शेवटचा टाका बंद केल्यावर धागा तिथेच तोडून टाकायची फार जणांना सवय आहे. तसं करू नका, हातभर शेपूट ठेवा. त्याच धाग्याने आम्ही जोडतो.