मार्थाबाईंची रोजनिशी

(बर्फाळ नदी, दुरून)

ही केनेबेक नदी. अमेरिकेचा ईशान्य कोपरा, मेन राज्य. हिवाळ्यात नदी गोठते. अडीचशे वर्षांपूर्वी माणसं याच बर्फावरून पलीकडे जायची. थंडी ओसरू लागली की बर्फ दगा द्यायचा. पण सुईणीला बोलावणं आलं की निघावंच लागे. कधी होडीतून, कधी घोड्यावर, कधी असं चालत.

हॅलोवेल गावच्या या सुईणीचं नाव मार्था बॅलर्ड. आज हाती असलेली त्यांची रोजनिशी १ जानेवारी १७८५ ला सुरू होते. पुढची सत्तावीस वर्षं. ८१६ बाळंतपणं.

(पानाचं जवळून दृश्य)

शिवलेल्या वह्या, पिसाची लेखणी. समासात तारीख आणि वार. आधी हवा कशी होती ते. मग कोण आलं, आपण कुठे गेलो, कुणाला मुलगा झाला, कुणाला मुलगी. आणि या दोन फुल्या पाहा. बाळंतपणाचे पैसे मिळाल्याची ही खूण. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. लेकींनी मागावर काय विणलं, बागेत काय लावलं, सगळं इथे आहे.

१७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती, तेव्हाही या ओळी रोज लिहिल्या जात होत्या.

मार्थाबाईंचे पती एफ्राइम यांचं नाव सरकारी कागदांत सापडतं. जमिनीची मोजणी करायचे, गिरण्या चालवायचे. मार्थाबाईंच्या सुईणपणाचा पुरावा मात्र ही रोजनिशीच. एकोणिसाव्या शतकातल्या एका स्थानिक इतिहासकाराने ती चाळली आणि सर्वसामान्यांना रस वाटावा असं तिच्यात फारसं काही नाही, असं ठरवून बाजूला ठेवली. बायकांचं रोजचं काम म्हणजे इतिहास नव्हे, ही समजूत इतकी पक्की होती.

घरच्यांनी ती जपली. १८८४ साली ती पोचली खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे, आणि ही मुलगी डॉक्टर झाली होती! १९३० साली तिने वह्या राज्याच्या ग्रंथालयाला दिल्या.

(ग्रंथालय, पानं उलटणारे हात)

मग इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिच यांनी ओळ न् ओळ वाचली. जन्म मोजले, येणीदेणी जुळवली, कोणाची लेक कोणाकडे विणायला जायची ते शोधलं. किरकोळ वाटणाऱ्या ओळींतून अख्खं गाव उभं राहिलं. त्यांच्या पुस्तकाला १९९१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

(शेवटचं पान. वाऱ्याचा आवाज.)

७ मे १८१२. मार्थाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. शेवटची नोंद. आधी हवा: बहुतेक दिवस निरभ्र, खूप थंडी, वारा. मग घरी कोण कोण आलं ते. पाद्री आले, गोड बोलले, त्यांनी प्रार्थना केली.