रूबलची कड

नमस्कार श्रोतेहो.

नाणं हाती आलं की आपण छाप बघतो, काटा बघतो. पण झारांच्या काळातला चांदीचा रूबल कधी हाती आला, तर आधी त्याची कड बघा.

माझ्यासमोर आत्ता १८९८ सालचा रूबल आहे. एका बाजूला शेवटचा झार दुसरा निकोलस, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. वजन वीस ग्रॅम. आपला राणीछाप रुपया पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे हा तळहातावर चांगलाच जड लागतो. आता नाणं उभं धरून हळूहळू फिरवायचं. कडेवर रशियन अक्षरं कोरलेली आहेत: शुद्ध चांदी, ४ झोलोत्निक २१ दोल्या. आपल्याकडे तोळा-मासा, तसा तिकडे झोलोत्निक, आणि त्याचा शहाण्णवावा भाग म्हणजे दोल्या. हिशेब केला की १८ ग्रॅम भरतात. म्हणजे रूबलमध्ये चांदी किती, हे सरकारनं नाण्यावरच लिहून दिलेलं!

त्यापुढे सेंट पीटर्सबर्गच्या नाण्यांवर टाकसाळीतल्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं असतात. माझ्या नाण्यावर ती नाहीत. तिथे एक बारीकसा तारा आहे. त्या वर्षांत चांदीचे रूबल इतके लागत होते की काही काम परदेशी द्यावं लागलं. एक तारा पॅरिसचा, दोन तारे ब्रसेल्सचे. भिंगातून तो तारा पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला त्या रात्री झोप आली नाही.

शंभर कोपेकचा रूबल पीटर द ग्रेटनं १७०४ मध्ये पाडला. आपल्याकडे शंभर नवे पैसे आले ते १९५७ साली.

रोमानोव या झारांच्या घराण्याच्या त्रिशताब्दीचा १९१३ चा रूबल बाजारात पुष्कळ दिसतो. त्याचा उठाव कधी चपटा, कधी ठसठशीत असतो. दोन्ही अस्सल असू शकतात, म्हणून नुसत्या चपटेपणावरून नाणं खोटं ठरवू नका. वजन करा, कड वाचा.

आणि कळकळीनं सांगतो, नाणं घासू नका. देवघरातली चांदी रांगोळीनं घासतात, तसा मी माझा पहिला रूबल घासला होता. साल वाचता येतं, झारचा चेहरा ओळखू येतो. पण शंभर वर्षांत चढलेली ती निळसर करडी झाक गेली, ती गेलीच.