सेल्फ मारायच्या आधी: जुना ट्रॅक्टर विकत घेतला, आता पुढं?

नमस्कार श्रोतेहो.

मृग जवळ आला की जुन्या ट्रॅक्टरचे सौदे वाढतात. बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी २५११, नाहीतर एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर २४१. कुणाच्या तरी आखाड्यावर पऱ्हाटीच्या गंजीआड चार-पाच वर्षं उभा असतो, भाव जमतो आणि ट्रॉलीवर घालून घरी येतो. तो उतरवायच्या आधीच आजूबाजूचे चारजण म्हणायला लागतात, "मारा की सेल्फ!" श्रोतेहो, तिथंच थांबायचं. इतके दिवस उभं राहून इंजिन जेवढं बिघडत नाही, तेवढं त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बिघडतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बुकावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ मूळ मालकाकडून पैसे देतानाच घ्या, नंतर तो सापडत नाही.

आता इंजिन. चालू कसा होईल हे नंतर बघू. आधी बंद कसा होईल ते बघा. जुन्या डिझेल ट्रॅक्टरला चावी फिरवून बंद व्हायची सवय नाही. स्टॉपची वायर ओढली की डिझेल पंपातून इंजिनकडं जाणारं डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. उभ्या ट्रॅक्टरची ही वायर गंजून हमखास अडकलेली असते. पंपावरचा स्टॉपचा दांडा हातानं हलवून बघा, वायरीला तेल सोडा, नाहीतर नवी टाका. आणि एअर क्लीनरचं तोंड पूर्ण झाकेल एवढी सपाट फळी हाताशी ठेवा. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी, अडकून इंजिन सुसाट सुटलं, तर त्याची हवा बंद करणं हाच उपाय उरतो. तिथं तळहात किंवा फडकं लावू नका. फडकं आत ओढलं जातं.

मग इंजिन हातानं फिरतं का ते बघायचं. गिअर न्यूट्रल करा, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी सगळी नोजल काढा आणि प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑईल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. जाम लागलं तर डिझेल आणि ऑईल निम्मं-निम्मं करून घाला आणि आणखी दोन दिवस थांबा. पान्ह्याला लांब पाईप लावून झटके देऊ नका. दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू तर नकाच. उभ्या सायलेन्सरला टोपी नसेल तर पावसाचं पाणी सिलिंडरपर्यंत उतरलेलं असू शकतं. पाणी दबत नाही, वाकतो तो पिस्टनचा कनेक्टिंग रॉड. नोजल काढलेली असली की ते पाणी भोकातून बाहेर येतं आणि इंजिन वाचतं. नोजल परत बसवताना तांब्याचे वायसर नवे घाला. नोजल एकदा पंपवाल्याकडून टेस्टही करून घ्या. घरी फवारा बघायचा मोह होतो, पण त्या फवाऱ्यापुढं बोट धरू नका. तो कातडी भेदून आत जातो.

आता चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट अगदी हळू, थोडाच ढिला करा. पाणी ऑईलच्या खाली बसतं, म्हणून ते आधी टपकतं. चमचा-दोन चमचे आलं तर ती हवेतली ओल. पेलाभर आलं, किंवा ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं, तर हेड पॅकिंग किंवा लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) रबर गेली समजा आणि मिस्त्रीला बोलवा. एरवी फिल्टर बदलून १५ डब्ल्यू ४० जाडीचं ऑईल गेजपट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. ३५ एचपीच्या इंजिनला साधारण सहा-सात लिटर लागतं, पण लिटरपेक्षा खुणेवर विश्वास ठेवा. पहिलं ऑईल महागातलं नको. ते दहा तासांनी काढायचंच आहे, कारण नवं ऑईल जुनी मळी सोडवतं.

डिझेल टाकी रिकामी करा. तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट साका निघेल. टाकी धुऊन दहा लिटर ताजं डिझेल घाला, दोन्ही फिल्टर बदला, मग डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा काढा. इथं क्रम महत्त्वाचा. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दोन फेरे ढिला करून फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, हातदांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्याशिवाय डिझेल. ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, त्यानंतर नोजलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचा स्क्रू. हातदांडा पोकळ लागत असेल तर पंप खराब म्हणून लगेच नवा आणू नका. इंजिनचा कॅम त्या दांड्यावर चढून थांबलेला असतो. पुलीनं इंजिन अर्धा फेरा पुढं घ्या, दांड्याला जोर येतो. शेवटी नोजलकडच्या पाईपांचे नट अर्धा फेरा सोडा, स्टॉप आत ढकला, ॲक्सिलेटर पूर्ण द्या आणि सेल्फ मारा. डिझेल उसळ्या मारायला लागलं की नट आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

दोन मिनिटं चालून ट्रॅक्टर बंद पडत असेल तर तो कुठूनतरी हवा घेतोय. तांब्याचे वायसर, चिरलेला रबरी पाईप, फिल्टरचं पॅकिंग, या क्रमानं बघा. पंप उघडायची गरज शंभरातल्या थोड्यांना पडते, उघडतात मात्र बरेच.

एअर क्लीनरच्या वाटीत काळ्या मातीचा चिखल, वरच्या जाळीत भुसा आणि कधी उंदराचं घरटंही निघतं. जाळी डिझेलनं धुऊन पूर्ण निथळू द्या. वाटीत ऑईल खुणेपर्यंतच घाला. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं आणि निळा धूर सोडतं. इथून मॅनिफोल्डपर्यंत जाणारा रबरी पाईप चिरलेला असेल तर काळ्या रानातली धूळ थेट लायनरवर जाते. इंजिन सुरू झालं की त्याची परीक्षा सोपी आहे: मंद गतीवर असताना मघाची फळी क्लीनरच्या तोंडावर ठेवायची. इंजिन गुदमरून बंद पडलं तर पाईप शाबूत. चालतच राहिलं तर हवा दुसरीकडून जातेय.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या आत बसतो आणि मे महिन्यात नांगरताना पाणी उकळतं. साठवलेलं पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच दबावा.

बॅटरीच्या तारा आणि अर्थिंगचं टोक घासून उघड्या लोखंडावर आवळा. सेल्फ नुसता टक-टक करतो तेव्हा दोष बहुतेक इथंच असतो. सेल्फच्या दोन बोल्टांवर पान्हा टेकवून ट्रॅक्टर चालू करायची रीत मात्र सोडा. गिअर पडलेला असेल तर मागचं चाक थेट उभ्या माणसावर येतं.

पहिल्यांदा चालू झाला की डोळे ऑईल प्रेशरच्या काट्यावर. दहा-पंधरा सेकंदांत काटा हलला नाही तर लगेच स्टॉप ओढा. हलला तर पंधरा मिनिटं मंद चालू द्या. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जातो. निळा धूर राहिला तर पिस्टनच्या रिंगा, किंवा व्हॉल्व्हची गाईड झिजलीय. लोडवर काळा धूर म्हणजे आधी हवा अडली आहे का ते बघा.

क्लच दाबूनही गिअर खरखरत असेल तर क्लचची प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, गंजून चिकटली आहे. ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडायची घाई नको. क्लच पायडल दाबून लाकडाचा टेकू द्या, रात्रभर राहू द्या. सुटली नाही तर इंजिन आधी गरम करून बंद करा. मोकळ्या वावरात, पुढं माणूस किंवा बांध नसताना, वरचा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि सेल्फ मारा. ट्रॅक्टर पुढं जातोच, हे गृहीत धरा. थोडं चालल्यावर क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक मारा. बहुतेक वेळा प्लेट सुटते.

लिफ्ट उचलत नसेल तर पंपाला दोष द्यायच्या आधी गिअर-हायड्रोलिकचं ऑईल बघा. गिअरदांड्याची रबरी टोपी फाटली की पाणी आत जातं आणि ऑईल दुधाळ होतं. तेही खालून हळू सोडा, जाळी धुवा आणि ट्रान्समिशनचंच ऑईल भरा, इंजिनचं नव्हे. उचललेल्या अवजाराखाली, ठोकळे लावल्याशिवाय, डोकं घालू नका.

ब्रेकचे दोन्ही पायडल वेगवेगळे दाबून बघा, दोन्ही बाजू सारख्या धरल्या पाहिजेत. रस्त्यावर निघताना दोन्हींची कडी जोडलेली हवी. एकच दाबला गेला तर ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आडवा होतो.

दहा तासांनी इंजिनचं ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदला, चाकांचे नट आवळा, सगळ्या निपलांना नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. अशा ट्रॅक्टरचा तासांचा मीटर सहसा बंदच असतो. तेव्हा ऑईल बदलल्याची तारीख बोनेटच्या आतल्या बाजूला ऑईलपेंटनं लिहा आणि रोजचे तास वहीत मांडा.

नमस्कार.